बँकेच्या वकिलाने सर्च दिला म्हणजे टायटल क्लिअर झालं का?

तळमजला
फ्लॅट घेणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "बँकेने लोन पास केलंय ना, मग कागद चोखच असणार." बिल्डरचा सेल्समन तर त्याचंच भांडवल करतो. 'अमुक बँकांची मान्यता असलेला प्रकल्प' असा बोर्डच लावतात.

माझं मत उलट आहे. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो, फी तुमच्याकडून घेतो, आणि पाच-सहा पानांच्या सर्च रिपोर्टमध्ये (मिळकतीचे जुने दस्त शोधून दिलेल्या अहवालात) अर्धी पानं 'याच्या अधीन राहून', 'त्याच्या अधीन राहून' अशीच असतात. पण मत असणं वेगळं आणि माहिती असणं वेगळं. इथे बँकांच्या पॅनेलवर (ठरलेल्या वकिलांच्या यादीवर) काम करणारी किंवा बिल्डर-फायनान्सचे कागद करणारी मंडळी आहेत. हा वकील नेमकं काय बघतो, काय बघत नाही, आणि बिल्डरला दिलेल्या मोठ्या कर्जात त्याचं काम कसं बदलतं, हे सविस्तर सांगाल का?

चहाबाज
बूड टेकवून बसलोय. येऊ द्या.

फेरफार_नोंद
धागाकर्त्याचं निम्मं मत बरोबर आहे. बँक वकिलाला विचारते ते एवढंच: ही मिळकत गहाण घेतली तर गहाण टिकेल का, आणि वेळ आली तर विकून पैसे वसूल होतील का? पार्किंग नक्की कुणाचं, भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळणार, सोसायटीची थकबाकी किती, हे प्रश्न त्याला कुणी विचारलेलेच नसतात.

आता सर्चचं. ३० वर्षांचा सर्च मागतात कारण मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षं आहे (अनुच्छेद ६१). सरकारी शोध शुल्क वर्षाला २५ रुपये, म्हणजे ३० वर्षांचे ७५०. ते चलन रिपोर्टला जोडलेलं असतं, जरूर बघा. चलन नसेल तर सर्च कुठे झाला हा प्रश्न विचारायलाच हवा.

ऑनलाइन ई-सर्चमध्ये मुंबईचं १९८५ पासूनचं आणि उरलेल्या महाराष्ट्राचं साधारण २००२ पासूनचं सापडतं. त्याआधीचं दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्सची (नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीची) पुस्तकं उलटूनच बघावं लागतं. पानं फाटलेली, बाइंडिंगला गेलेली, वाळवी लागलेली. म्हणून रिपोर्टमध्ये 'फाटलेली व उपलब्ध नसलेली पाने वगळून' असं वाक्य येतं. हे वाक्य म्हणजे चालढकल नाही, पण ते कोणत्या वर्षांबद्दल आहे हे लिहिलेलं असायला हवं. नुसतं मोघम असेल तर वकिलाला वर्षं विचारा.

चुका खरं तर इथे होतात: एकाच जमिनीला आधी सर्व्हे नंबर, मग एकत्रीकरणात गट नंबर, मग सिटी सर्व्हे झाल्यावर सि.स.नं. पडतो. सर्च नुसत्या आजच्या नंबरावर केला तर मागची वीस वर्षं कोरीच दिसणार, आणि रिपोर्टमध्ये 'बोजा आढळला नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं जाणार. म्हणून एकत्रीकरणाचा जबाब (जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता) काढून जुना नंबर जुळवायचा आणि तिन्हींवर शोधायचं. शिवाय '१२/३अ', '१२/३/अ' आणि '१२/३ए' ही संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतात.

विंगबी४०२
पुण्याचं एक जोडतो. हवेली तालुक्यात सह दुय्यम निबंधकांची भरपूर कार्यालयं आहेत आणि मिळकत एकीकडे असली तरी दस्त दुसऱ्या हवेलीत नोंदता येतो. फक्त 'हवेली क्र. अमुक' मध्ये केलेला सर्च हा अर्धवट सर्च. रिपोर्टमध्ये सगळ्या कार्यालयांचा उल्लेख आहे का ते बघा.

निशिगंधा_ठा
@फेरफार_नोंद, पण समजा सगळ्या नंबरांवर, सगळ्या कार्यालयांत सर्च झाला. तरी काय काय सुटतं?

फेरफार_नोंद
बरंच. इंडेक्स २ मध्ये फक्त नोंदणीकृत दस्त दिसतात. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. तहसीलदारासमोर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली झालेली वाटणी तिथे दिसेलच असं नाही, ती फेरफारात (तलाठ्याकडच्या हक्कबदलाच्या नोंदीत) सापडते. बहिणींचे हक्क हा तर सर्वात मोठा विषय. २००५ ची हिंदू वारसा दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा निकाल यानंतर वडिलोपार्जित जमिनीच्या साखळीत मुलींची हक्कसोडपत्रं नोंदणीकृत आहेत का, हे बघितल्याशिवाय कुठलाही शहाणा वकील सही करत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं नोंदणीकृत वाटप किंवा विक्री मात्र त्या दुरुस्तीने हलत नाही. म्हणून फेरफार वाचताना ही तारीख डोक्यात ठेवावी लागते.

आणि सर्वात महत्त्वाचं: टायटल डीड जमा करून केलेलं गहाण. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(फ) खाली मूळ कागद बँकेत ठेवले की गहाण झालं, नोंदणीची गरजच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच फ्लॅटवर रंगीत झेरॉक्स देऊन दोन-दोन कर्जं घेतली गेली. १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात नोंदणी कायद्याच्या कलम ८९ब खाली अशा गहाणाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' ३० दिवसांत दाखल करावी लागते, ती इंडेक्समध्ये दिसते. त्याआधीची गहाणं दिसत नाहीत. तिथे सर्साईचा (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीचा) सर्च आणि मूळ कागद हातात घेऊन बघणं एवढेच उपाय उरतात.

चहाबाज
म्हणजे २०१३ पूर्वीचं प्रेमप्रकरण आणि २०१३ पूर्वीचं गहाण, दोन्हींचा सर्च निघत नाही.

दस्तऐवज
😄 त्यातल्या एकाचा निघतो हो. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. सोसायटी बँकेचा बोजा आपल्या दप्तरी लावून घेते, तो उतरवल्याचं पत्र तिथेच असतं.

बाकी पॅनेलवाल्यांना इतकं झोडू नका. फी तुटपुंजी, मुदत दोन-तीन दिवसांची, आणि ब्रँच मॅनेजरचा तासातासाला फोन. तरी वकिलाची चूक आणि वकिलाचा कट यात फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सीबीआय विरुद्ध नारायण राव या प्रकरणात हेच सांगितलं: नुसतं मत चुकलं म्हणून पॅनेल वकिलावर फौजदारी चालत नाही, कटात सामील असल्याचा पुरावा लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की रिपोर्ट चुकला तर तुम्ही त्या वकिलाला फारसं धरू शकत नाही. तुमचा त्याच्याशी करारच नाही. त्याचा रिपोर्टही बँक बहुधा तुम्हाला देत नाही.

तळमजला
फी आमची, रिपोर्ट त्यांचा! हे कुणाला खटकत कसं नाही?

एस्क्रो
खटकलं तरी मंजुरीपत्रावर सही करतोच ना आपण. लेखी मागा, काही बँका प्रत देतात.

मूळ कागद 'जमा करणे' हा प्रकार बाहेरच्यांना नीट माहीत नसतो, म्हणून लिहितो. बिल्डर कंपनीचा संचालक, कर्ज देणाऱ्या संस्थेचा अधिकारी आणि वकील एका टेबलाशी बसतात. वकील यादी वाचतो: मूळ खरेदीखत, नोंदणीची पावती, इंडेक्स २, मूळ विकसन करार, कुलमुखत्यारपत्र, एनए (बिनशेती) आदेश, मंजूर नकाशा. प्रत्येक कागद उचलून बघायचा. स्टॅम्प पेपरची तारीख दस्ताच्या तारखेनंतरची नाही ना? चलनाचा जीआरएन (सरकारी पावती क्रमांक) सरकारी साइटवर टाकला तर ते त्याच दस्ताला वापरलं गेल्याचं दिसतं का? नोंदणीचा अनुक्रमांक सगळ्या पानांवर सलग आहे का? मग संचालक तोंडी सांगतो की कर्जाच्या तारणासाठी हे कागद ठेवतो आहे. बस, गहाण झालं.

त्याचं टिपण मात्र त्या क्षणी करायचं नाही. ते नंतरच्या तारखेला आणि भूतकाळात लिहायचं: 'अमुक तारखेला अमुक व्यक्ती आली, तिने कागद ठेवले.' कारण कागदावरच गहाण निर्माण होतंय असं दिसलं तर तो दस्त सक्तीने नोंदवावा लागतो, आणि नोंदवला नसेल तर गहाणच कोलमडतं. १९५० च्या रचपाल महाराज निकालापासून हे ठरलेलं आहे. तरीही घाईत 'याद्वारे गहाण ठेवत आहे' असं वर्तमानकाळात लिहून मोकळे होतात. शंभर कोटींचं तारण एका क्रियापदावर लटकतं.

जागेचंही बंधन आहे. कागद मुंबई, चेन्नई, कोलकाता किंवा राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या शहरातच जमा व्हायला हवेत. जमीन कुठेही असो, दापोलीची असली तरी कागद मुंबईत जमा करता येतात.

मोजणीदार
मुद्रांक शुल्क राहिलं. कागद जमा करून केलेल्या गहाणाला ५ लाखांवरच्या कर्जाला ०.३ टक्के. ६० लाखांच्या गृहकर्जाला १८,००० रुपये, वर नोटीस ऑफ इंटिमेशनच्या फाइलिंगची फी वेगळी. बॅलन्स ट्रान्सफर करताना लोक फक्त व्याजदरातला पाव टक्का बघतात. नव्या बँकेकडे कागद पुन्हा जमा होणार म्हणजे हे शुल्क पुन्हा. आधी हिशेब करा.

जुन्या फ्लॅटवाल्यांसाठी: १० डिसेंबर १९८५ नंतरच्या फ्लॅटच्या कराराला खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. साखळीतला एखादा १९८७ चा करार पाच रुपयांच्या स्टॅम्पवर असेल तर बँकेचा वकील तिथेच अडवतो, आणि त्याने अडवलंच पाहिजे. अपुऱ्या स्टॅम्पचा दस्त पुराव्यात येत नाही. महिन्याला २ टक्के दंड चढत जातो. हा खर्च विकणाऱ्याच्या माथी मारायचा असेल तर टोकन देण्याआधी लिहून घ्या.

पणजीकर
अवांतर, पण गोंयची भानगड वेगळीच. इथे सातबारा नाही, फॉर्म १ आणि १४. शिवाय पोर्तुगीज काळातली डिस्क्रिप्शन-इन्स्क्रिप्शनची नोंद बघावी लागते, ती वाचणारे आता मोजकेच. निल एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट मात्र दुय्यम निबंधक देतो. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे कागदावर एकाचंच नाव असलं तरी विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. मुंबईहून आलेले वकील नेमके इथे पडतात. आणि मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी प्रोसीडिंग झालंय का ते आधी विचारायचं, मग जेवायला बसायचं.

निशिगंधा_ठा
हे उत्तम. महाराष्ट्रात वारसाच्या बाबतीत लोक 'नॉमिनेशन केलंय' म्हणून निश्चिंत असतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरतं सभासद करेल, विकायला बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र लागेलच.

फेरफार_नोंद
जमिनीवर प्लॉट घेणाऱ्यांनी 'भोगवटादार वर्ग २' हे तीन शब्द शोधा, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ चा शेरा इतर हक्कात असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या (जमीन महसुलाच्या) ४० पट नजराणा भरून परवानगीशिवाय विकता येते, पण घेणारा शेतकरीच लागतो आणि नजराणा विक्रीच्या *आधी* भरलेला लागतो. नंतर भरलेली पावती दाखवून काम भागत नाही. देवस्थान इनाम दिसलं तर फाइल बंद करा, त्यात डोकं घालू नका.

वित्तसंस्थांचं वेगळं दुखणं म्हणजे सरफेसी कायद्याचं (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याचं) कलम ३१(आय). शेतजमिनीवर तो कायदा चालत नाही. म्हणजे साठ दिवसांची नोटीस, ताबा, लिलाव हा सगळा जलद रस्ता बंद, दिवाणी दावा लावून बसा. म्हणून वकील एनएचा आदेश किंवा कलम ४२ब खालची सनद आणि रूपांतर कर भरल्याची पावती यासाठी हटून बसतो. 'झोन रहिवासी आहे' एवढं त्याला पुरत नाही.

तळमजला
बिल्डर-फायनान्सकडे वळूया का? तो माझ्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग होता, पणजीच्या जेवणात हरवला.

एस्क्रो
वळूया. गृहकर्जात वकील एक फ्लॅट बघतो. प्रकल्प-कर्जात तो पैशाचा रस्ता आखतो.

जमीन विकत घ्यायला बँका खासगी बिल्डरला कर्ज देत नाहीत, रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तो पैसा बिगर-बँक वित्तसंस्था आणि फंडांकडून डिबेंचरच्या (कर्जरोख्यांच्या) रूपाने येतो, म्हणून गहाण बहुतेकदा डिबेंचर ट्रस्टीच्या (रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या कंपनीच्या) नावाने असतं. फ्लॅट घेणाऱ्याने गहाणदाराचं नाव बघून 'ही कुठली ट्रस्टी कंपनी?' म्हणून दचकू नये.

तारण चार-पाच थरांचं असतं. जमीन किंवा विकसन हक्काचं गहाण, विकल्या गेलेल्या आणि जाणाऱ्या फ्लॅटच्या येण्यांवर बोजा, प्रवर्तकांची वैयक्तिक हमी, कधी कंपनीच्या शेअर्सचं तारण. कंपनीवरचा बोजा ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नाही नोंदवला आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर लिक्विडेटर तो बोजा धरतच नाही. सर्साईवरही नोंद हवी. २४ जानेवारी २०२० पासून त्या नोंदीशिवाय सरफेसीची कारवाईच करता येत नाही.

खरी रस्सीखेच खात्यांवरून होते. रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) म्हणतो, ग्राहकाकडून आलेल्या पैशाचे ७० टक्के वेगळ्या खात्यात, फक्त बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठी. महारेराने १ जुलै २०२४ पासून तीन खाती सक्तीची केली: सगळे पैसे आधी कलेक्शन खात्यात, तिथून ७० टक्के सेपरेट खात्यात आणि उरलेले फार तर ३० टक्के ट्रान्झॅक्शन खात्यात. सेपरेट खात्यावर कुणाचाही बोजा किंवा ताबा चालत नाही. आधीच्या एस्क्रो (ठरल्या अटींवरच पैसे सोडणाऱ्या खात्याच्या) करारांत कर्जदात्याचा हात सगळ्याच पैशावर असायचा. आता जुन्या साच्यातला करार उतरवला तर तो नियमाविरुद्ध जातो. कर्जदात्याचा 'स्वीप' (आलेले पैसे परस्पर वळते करून घेणं) ३० टक्क्यांच्या बाजूला ठेवावा लागतो, आणि ७० टक्क्यांतून बिल्डरला जे नियमाने काढता येतं त्याच्या पुढच्या टप्प्यावर. परतफेडीचं वेळापत्रक यामुळे लांबतं, हे टर्म शीट (कर्जाच्या अटींचा आराखडा) लिहिणाऱ्याला पटवणं हेच वकिलाचं निम्मं काम.

विंगबी४०२
पुनर्विकासात काय करतात? तिथे जमीन तर सोसायटीची.

एस्क्रो
म्हणूनच ते सर्वात नाजूक. विकासकाकडे फक्त विकसन हक्क आणि विक्रीचे फ्लॅट. सोसायटीच्या वकिलाने करारात 'सोसायटीची जमीन आणि सभासदांचे पुनर्वसन क्षेत्र वगळून, केवळ विक्रीयोग्य क्षेत्रापुरते' असं स्पष्ट लिहून घ्यायलाच हवं. कर्जदात्याच्या वकिलाला उलट हवं असतं: विकासकाला काढण्याआधी आम्हाला नोटीस द्या, चूक सुधारायला मुदत द्या, दुसरा विकासक आणायचा हक्क द्या. कारण सोसायटीने करार रद्द केला की तारणाखालची जमीनच सरकते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वैदेही आकाश प्रकरणात सांगितलंय की जुन्या विकासकाकडून फ्लॅट घेणाऱ्यांची जबाबदारी सोसायटीवर येत नाही.

दस्तऐवज
इथे मी असहमत. 'दुसरा विकासक आणायचा हक्क' सोसायटीने कधीच देऊ नये. नोटीस द्या, साठ दिवस द्या, पण निवड सर्वसाधारण सभेचीच. एकदा हा हक्क फंडाला दिला की सभासद आपल्याच जमिनीवर भाडेकरूसारखे.

एस्क्रो
मग व्याजदर वाढतो आणि तो शेवटी सभासदांच्या वाढीव क्षेत्रातूनच वसूल होतो. मधला मार्ग असा: फंडाने तीन नावं सुचवायची, सभेने त्यातलं निवडायचं किंवा सगळी नाकारायची. नाकारली तर झालेल्या बांधकामाची किंमत नव्या विकासकाने फंडाला चुकती करायची.

दस्तऐवज
'किंवा नाकारायची' हे तीन... बरं, दोन शब्द करारात असतील तर माझी हरकत नाही.

मीरारोडची
सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. पण मुळात माझ्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाने करायचं काय? बिल्डरने प्रकल्प गहाण टाकलेला असेल तर फ्लॅट घ्यावा की नाही?

फेरफार_नोंद
गहाण असणं गैर नाही, बहुतेक प्रकल्पांवर असतंच. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर बोजाची माहिती आणि वकिलाचा टायटल रिपोर्ट दोन्ही असतात, ते फुकट वाचा. त्यातलं बोज्याचं पान मंजूर कर्जाच्या तारखेशी ताडून बघा, रिपोर्ट कर्जाच्या आधीचा असेल तर त्यात बोजा दिसणारच नाही.

करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका (रेरा कलम १३). करारानंतर बिल्डरने तुमचा फ्लॅट गहाण टाकला तरी कलम ११(४)(ह) मुळे तुमच्या हक्काला धक्का लागत नाही. पण करारापूर्वीचं गहाण असेल तर कर्जदात्याची एनओसी हवीच. ती 'प्रकल्पासाठी' अशी ढोबळ नको. विंग, मजला, फ्लॅट क्रमांक, किंमत आणि तुमचं नाव हवं. स्वतःचा वकील लावणार असाल तर त्याला एवढंच काम सांगितलंत तरी फी वसूल.

मीरारोडची
एनओसीत एक ओळ असते, 'रक्कम अमुक खात्यात जमा होण्याच्या अटीवर'. आणि बिल्डरच्या डिमांड लेटरवर खातं वेगळंच असेल तर?

एस्क्रो
तर पैसे थांबवा. त्या अटीमुळे दुसऱ्या खात्यात भरलेल्या पैशापुरती एनओसी लागूच होत नाही, आणि फ्लॅट गहाणातच राहतो. बिल्डरला महारेराकडे नोंदवलेल्या कलेक्शन खात्याचा क्रमांक विचारा, तो आणि एनओसीतला जुळतो का बघा. जुळत नसेल तर सुधारित एनओसी कर्जदात्याच्या अधिकृत ईमेलवरून थेट तुमच्या बँकेला पाठवायला सांगा. बिल्डरच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ चालणार नाही.

मोजणीदार
आणि शेवटचा हप्ता फेडणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना कर्ज घेतेवेळची यादी सोबत न्या आणि एकेक कागद मोजून घ्या. सर्साईवरचा बोजा उतरवल्याचं आणि नोटीस ऑफ इंटिमेशन रद्द झाल्याचं वेगळं विचारा, ते आपोआप होतंच असं नाही.

चहाबाज
यादी कपाटात कुठे ठेवलीय ते शोधायला उठलो. चहा गार झाला.